शांतवनरावांची साक्ष

मुलुंडच्या चर्चमध्ये शांतवनराव आढावांइतका मोठा पापी दुसरा नव्हता, आणि याचा त्यांना अभिमान होता. दर वर्षी हंगामाच्या सणाला, म्हणजे सुगीच्या उपासनेला, प्रभूने आपल्याला कशातून सोडवलं याची साक्ष द्यायला पाळकसाहेब बोलवायचे, तेव्हा सगळ्यांच्या माना आधी त्यांच्याकडे वळायच्या. बाकीचे कोणी तापातून उठलेले, कोणी नोकरी लागलेले. शांतवनराव थेट गटारातून वर यायचे.

खरी गोष्ट त्यांच्या बायकोला, शेवंतीबाईंना, ठाऊक होती. लग्नाआधी भांडुपला एका मित्राकडे शांतवनरावांनी अर्धा पेला ताडी घेतली, कुंपणापाशी ओकले आणि घाबरून प्रभूला शरण गेले. संपलं. पण एवढ्यावर कोणाच्या डोळ्यांत पाणी येतं? मग त्या पेल्याचं पिंप झालं, पाठोपाठ जुगार आला, कोठडी आली. गेल्या वर्षी तर त्यांनी बायकोचं मंगळसूत्र विकलं. शेवंतीबाई ते गळ्यात घालून पहिल्याच बाकावर बसल्या होत्या.

या साक्षीपायी लेकीची, विमलाची, दोन स्थळं परत गेली, तेव्हा मात्र बाईंचं डोकं फिरलं. आता घाटकोपरचे साळवे सणाच्या उपासनेला येऊन मग घरी मुलगी बघणार होते.

"उद्या तोंड उघडायचं नाही," त्यांनी नवऱ्याला बजावलं.

"अगं, पण प्रभूचे उपकार..."

"मनात माना. त्याला ऐकू येतं."

दुसऱ्या दिवशी पाळकसाहेबांनी नाव घेऊनच हाक मारली. शांतवनराव बाक घट्ट धरून बसले. मग बायकोकडे बघत, दात उपटून घ्यायला निघाल्यासारखे उठले.

"मी दारुडा नव्हतो," ते म्हणाले. "अर्धा पेला ताडी प्यालो, तीही उलटली. बाकीचं मी आपलं वाढवत गेलो. प्रभूने मला क्षमा करावी."

मंडळींची घोर निराशा झाली. "आणि ती कोठडी?" मागून कोणीतरी अगदी केविलवाण्या आवाजात विचारलं.

शेवंतीबाईंना मात्र डोक्यावरचा हंडा उतरल्यासारखं वाटलं. घरी आल्यावर त्यांनी चहात साखर सढळ हाताने घातली. पण मुलाचे वडील, जयवंतराव साळवे, कपाला हात लावीनात, आणि त्यांची बायको कुंदाताई पदराशी चाळा करत बसल्या. मुलगा तेवढा दाराआडच्या विमलाकडे बघत होता.

"आम्ही निघतो," शेवटी जयवंतराव म्हणाले. "रागावू नका. गेल्या वर्षी तुमची साक्ष मी मागे बसून ऐकली. तुम्ही सांगितलं ते सगळं मी खरंच केलंय हो. हातभट्टीपायी आतही जाऊन आलो. मग प्रभूने हात दिला. चर्चमध्ये लोक मिठी मारतात, पण मुलगी द्यायला कोणी तयार नाही. वाटलं, या घरी विचारता येईल. तर तुम्ही सरळमार्गी माणसं निघालात."

शेवंतीबाईंना इतकी लाज वाटली की त्या उभ्याच राहिल्या.

"कसले सरळमार्गी? हे दर वर्षी देवाच्या घरात धडधडीत खोटं बोलले. आणि मी? बायका माझा हात धरून म्हणायच्या, शेवंतीबाई, किती सोसलंत. मी मान खाली घालून उसासा टाकायचे. पाळकीणबाईंनी तर माझ्यासाठी उपास धरला होता. मी धरू दिला."

कुंदाताईंच्या ओठांचा कोपरा हलला, मग खांदे हलले, आणि त्या डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या.

"अहो, बसा," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "हे आपल्यातलेच आहेत."

जयवंतराव बसले. चहाचा एक घोट घेऊन ते म्हणाले, "मुलांना विचारून घेऊ. पण आधी प्रार्थना करू. शांतवनराव, तुम्हीच करा."

शेवंतीबाईंनी नवऱ्याकडे डोळे वटारून पाहिलं. हा माणूस प्रार्थनेला उभा राहिला की चुलीवरचा भात करपायचा. सगळ्यांनी डोळे मिटले.

"प्रभू," शांतवनराव म्हणाले, "या खेपेस खरंच वाचवलंस."

पुढचं काही येईना. शेवंतीबाईंनी एक डोळा उघडून पाहिलं. शांतवनरावांचे ओठ थरथरत होते आणि शब्द फुटत नव्हता. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण नवऱ्याच्या प्रार्थनेला मनापासून आमेन त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं.