ठकीची केळी

ठकीला जन्म देतानाच तिची आई गेली. तेव्हापासून प्रयोगशाळेमागच्या मेंढवाड्यातल्या मामांनी या कोकराला बाटलीने दूध पाजून वाढवलं. मामांना मूलबाळ नव्हतं. ठकीनं आज उडी मारली, ठकीनं आज टोपी पळवली, असं ते येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगत.

प्रयोगशाळेतल्या बाई दर आठवड्याला ठकीचं रक्त काढत. आईच्या पोटात कोकराच्या तांबड्या पेशी पोटॅशियमने भरलेल्या असतात. जन्मानंतर नव्या पेशी येतात, त्यांत बहुतेक कोकरांचं सोडियम वाढतं आणि पोटॅशियम उतरतं. एखाद्याच मेंढीचं ते जन्मभर चढं राहतं. तशी मेंढी संशोधनासाठी ठेवायची, बाकीच्या खाटकाकडे, असा इथला नियम. मामांना हे बाईंनीच समजावलं होतं. पोटॅशियम म्हणजे काय, असं त्यांनी विचारलं, तेव्हा सोपं करून सांगावं म्हणून बाई म्हणाल्या होत्या, केळ्यात असतं ते.

सुरुवातीला आकडा चढाच आला. तसा तो सगळ्याच कोकरांचा येतो. पण मामांचा चेहरा इतका खुलला की बाईंच्या ओठांवर आलेलं तिथेच राहिलं.

मग आकडा उतरू लागला. बाईंनी पेशी पुन्हा धुतल्या, पुन्हा मोजलं. यंत्राला माया ना मुर्वत. शेवटी आकडा पार तळाला गेला.

बाई वाड्यात आल्या तेव्हा ठकी मामांच्या हातून केळं खात होती. कोपऱ्यात सालींचा ढीग होता. चोरी सापडल्यासारखे मामा हसले.

"माझ्या डब्यातलं आहे हो, बाई. ऑफिसच्या खर्चातलं नाही."

बाईंनी हलक्या आवाजात सांगितलं, पोटॅशियम उतरलं. गाडी उद्या येईल.

मामा खाली बसले. "एकावर भागवलं मी. रोज दोन द्यायला हवी होती."

बाईही त्यांच्याशेजारी गवतावर टेकल्या. "मामा, खाण्यानं ते बदलत नाही. जन्माआधीच ठरलेलं असतं. तुम्ही टोपलीभर घातली असती तरी हेच झालं असतं."

मामा बराच वेळ ठकीच्या कानामागे खाजवत राहिले.

"म्हणजे तिला आवडत होती, एवढंच," ते म्हणाले, आणि डब्यातलं दुसरं केळं काढून सोलू लागले.