आईचा चांगला हात

माझी बायको डॉक्टर आहे, पण गोळ्या देणारी नव्हे. ही गोष्ट आमच्या इमारतीतल्या लोकांच्या अजून गळी उतरलेली नाही. लिफ्टमध्ये कुणी तिच्यासमोर डोकं धरून उभं राहिलं की ती शांतपणे सांगते, "मेंदू स्वतः कधी दुखत नाही," आणि आपल्या मजल्यावर उतरून जाते. पक्षाघातानंतर लुळा पडलेला हात पुन्हा हलवायला मेंदू कसा शिकतो, हा तिचा विषय. लग्न झालं तेव्हाही हाच होता, आणि माझा नंबर दुसरा आहे हे मी तेव्हाच मान्य करून टाकलं.

मला त्यातलं कळतं ते इतकंच. झटका येतो तेव्हा हात हलेनासा होतो. पुढे त्यात थोडा जीव येतो, पण तोवर माणसाला दुसऱ्या हाताची सवय लागलेली असते. मेंदू हा पक्का घरमालक आहे. जो हात वापरात नाही त्याची जागा तो भलत्यालाच देऊन टाकतो. म्हणून चांगल्या हातावर बोटं आत बंद करणारा जाड हातमोजा चढवायचा आणि चमच्यापासून दाराच्या कडीपर्यंत सगळं दुबळ्या हाताकडून करून घ्यायचं. रुग्ण वैतागतात, तिला नाही नाही ते बोलतात. ती ते आवडीने ऐकून घेते. चिडलेला माणूस निदान प्रयत्न तरी करतो, असं तिचं म्हणणं.

सुरुवातीला तिची प्रयोगशाळा म्हणजे रुग्णालयाच्या तळघरातली एक खोली होती, शेजारी मोडक्या खाटांचा ढीग. तसले मोजे बाजारात मिळेनात, तेव्हा माझ्या आईने जुन्या रजईचे तुकडे कापून मशीनवर मोजे शिवून दिले. पुढे खोलीचं केंद्र झालं, बायको मोठी झाली, परिषदांना बोलावणी येऊ लागली, पण मोजे आईच्याच हातचे राहिले. आईचं शिवण असं की उसवायलासुद्धा तिलाच बोलवावं लागे.

आणि मग झटका आईलाच आला. उजवा हात गेला, जीभ तेवढी शाबूत राहिली. तिनेच शिवलेला मोजा तिच्या डाव्या हातावर चढला तेव्हा ती म्हणाली, "आधी माहीत असतं तर टाके जरा सैल घातले असते."

तिला पुन्हा मशीनवर बसायचं होतं, बाकी काही नको होतं. पहिल्या काही महिन्यांत मेंदू जितका ऐकतो तितका पुढे ऐकत नाही, हे बायकोने तिला स्पष्ट सांगितलं होतं. आणि ते महिने भराभर सरत होते. गंमत म्हणजे केंद्रात आईचं सगळं छान चाललेलं. लाकडी ठोकळे उचलायची, किल्ली फिरवायची. घरी आली की तोच उजवा हात मांडीवर जो पडायचा तो पडायचाच. बायकोला वाटलं, आई घरी मोजा काढून ठेवते. आईला वाटलं, सून आपल्याला खोटारडी म्हणतेय. मग दोघींचा अबोला सुरू झाला आणि मी निरोप्या झालो.

एका सुटीच्या सकाळी बायको घरी होती. कप हातात घेऊन ती आई-बाबांच्या खोलीच्या दारात उभी राहिली आणि नुसती बघत राहिली. आईने मान वळवायच्या आत बाबांनी तिच्या नाकावर चष्मा ठेवला. तिने ओठ हलवायच्या आत कप तिच्या तोंडाशी धरला. केस विंचरले, भांग वाकडा पाडला, पदर सारखा केला. ज्या माणसाने जन्मात स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला भरून घेतला नव्हता, तो असा तरबेज झालेला. मी हे रोज बघत होतो आणि मला ते फार गोड वाटत होतं. बायकोचा चहा मात्र निवून गेला.

"इतकी वर्षं मी चुकीचा हात बांधत आले," ती मला हळूच म्हणाली. "आईंचा चांगला हात डावा नाहीच. तो बाबा आहेत."

तिने बाबांना बाजूला घेऊन समजावलं, की तुम्ही हे थांबवा, नाहीतर त्यांचा हात कायमचा जाईल. बाबांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, "जन्मभर तिने माझं केलं. आता कुठे माझी पाळी आली, आणि तू म्हणतेस करू नका?"

 बायकोला त्यांची दया आली, मलाही आली. मग तिने कपाटातून दोन मोजे काढले आणि बाबांच्या दोन्ही हातांवर चढवून नाड्या आवळल्या. "आईंसाठी काही करायचंच आहे ना बाबा, मग हे करा."

ते दोघं समोरासमोर बसले. बाबांचा शर्ट वरपासून खालपर्यंत उघडा होता, आणि त्यांची फिरायला जायची वेळ झालेली. आईने बराच वेळ दुसरीकडे पाहिलं. मग तिला राहवेना.

"अहो, बटणं लावा. असे जाणार का चारचौघांत?"

बाबांनी दोन्ही मोजे वर करून दाखवले. आईने माझ्याकडे पाहिलं. मी उठणार एवढ्यात बायकोने माझ्याकडे असं पाहिलं की मी खुर्चीला चिकटून बसलो.

"काही म्हणून जमत नाही ह्यांना," आई म्हणाली. "या इकडे."

आणि उजवा हात मांडीवरून उठला. मोज्यातल्या डाव्या हाताने तिने शर्टाची कड दाबून धरली. बोटं बटणावरून घसरली, पुन्हा घसरली. जिभेचं टोक दातांत धरून, बाबांना हलू नका म्हणून दटावत ती लढत राहिली. बाबा श्वास रोखून उभे होते. शेवटी एक बटण आत गेलं. आई घामाघूम झाली आणि आपल्याच हाताकडे बघत बसली.

बायको स्वयंपाकघरात गेली. आधी ओढणीने डोळे पुसले, मग केंद्रात फोन लावून सहकाऱ्याला सांगू लागली, की उद्यापासून नातेवाइकांच्या मापाचेही मोजे लागतील, आणि हो, मी शुद्धीवर आहे.

मी बाबांचे मोजे सोडवले आणि त्यांना दारापर्यंत पोचवायला गेलो. तिथे उजेडात माझ्या लक्षात आलं, की बटण चुकीच्या काजात गेलंय आणि शर्ट एका बाजूला चढलाय. मी सरळ करायला हात पुढे केला.

बाबांनी माझा हात बाजूला सारला. "राहू दे," ते म्हणाले, "ते तिने लावलंय." आणि तसाच वाकडा शर्ट घालून, छाती काढून, रस्त्याने चालू लागले.