मावशीला दिलेला कटर

कुंपणवाल्याचा पाय सकाळपासून एका जागी ठरत नव्हता. शस्त्रागाराच्या कचेरीत त्याला बोलावलं होतं आणि टेबलावर त्याचाच लाल मुठीचा कटर पडला होता. त्याच कटरने त्याच्या सख्ख्या मावशीने, प्रार्थनाघरातल्या आणखी दोघी म्हाताऱ्यांना घेऊन, शस्त्रागाराचं कुंपण कापलं होतं. कापून पळाल्या असत्या तर एक वेळ ठीक. या आत जाऊन अणुबॉम्बच्या कोठारासमोर बसल्या, प्रार्थना म्हणत, शिपायांची वाट पाहत!

कुंपण राखायचं कंत्राट याचंच. शस्त्रागाराच्या साहेबांनी कागद पुढे सरकवला.

"कटर चोरीला गेला होता, एवढ्यावर सही करा. कंत्राट शाबूत राहील."

"आणि मावशी?"

"चोरीचं कलम वाढेल. तशाही त्या तुरुंगात जाणारच आहेत."

खरं तर कटर त्यानेच दिला होता. "कशाला हवाय गं?" असं विचारल्यावर मावशी म्हणाली होती, "कुंपण कापायला." त्याला वाटलं, प्रार्थनाघराच्या परसातलं. मावशी कधी आडपडदा ठेवत नाही, पण नेमकं कोणतं कुंपण ते याने विचारलंच नाही!

मावशी शेजारच्या खोलीत होती. त्याने आधी तिच्यावर यथेच्छ तोंडसुख घेतलं.

"या वयात हे काय आरंभलंस? चार तारा कापून बॉम्ब जाणारेत का?"

"नाही जाणार. पण आत काय ठेवलंय, ते तुला माहीत होतं ना?"

"सगळ्यांनाच माहीत आहे."

"तेच तर! एका बॉम्बने अख्खं शहर जाईल, पाळण्यातल्या पोरांसकट. हे माहीत असून देवापुढे नुसते हात जोडायचे, मला जमेना रे. कायदा मोडलाय, शिक्षा भोगेन. तू तुझं पोट सांभाळ, सही कर. माझा राग नाही."

राग असता तर बरं झालं असतं! वीस वर्षं तो ते कुंपण ताणून बांधत होता आणि आतला विचार नको म्हणून नजर तारेवरच ठेवत होता. त्याला स्वतःचीच लाज वाटली.

तो कचेरीत परतला. कागद उलटा करून त्याने मागे लिहिलं, 'कटर मी दिला. कशाला हवा, ते तिने सांगितलं होतं.' खाली सही ठोकली.

"कंत्राट गेलं समजा," साहेब म्हणाले.

"समजलो," तो म्हणाला.

वाचकहो, मावशीसारखं कुंपण कापायला आपण सगळे काही जाणार नाही. पण आपल्या रक्षणाच्या नावाखाली आत काय रचून ठेवलंय, हे विचारायला कुणाची परवानगी लागते? आणि तेही जमत नसेल, तर विचारणाऱ्याला चोर ठरवणाऱ्या कागदावर निदान आपली सही तरी नसावी!