डिकीतला आत्मा

इमारतीच्या तळघरातल्या वाहनतळातून त्या संध्याकाळी एकही गाडी हलू शकत नव्हती, कारण कोपऱ्यातल्या निळ्या गाडीत एक मेलेला माणूस बोलत होता. निदान जमलेल्या रहिवाशांची तशी खात्री होती. आणि खात्रीला पुरावा लागत नाही, हेच तर तिचे वैभव.

गाडीचे इंजिन चालू होते. गाणे बंद होते. तरीही स्पीकरमधून एक बारीक, विव्हळणारा सूर पाझरत होता. मालक गेल्यापासून गाडी आच्छादनाखाली उभी होती. त्याच्या बायकोने त्यानंतर ती प्रथमच बाहेर काढली तेव्हा हा सूर उमटला आणि वेगाबरोबर चढत गेला. ती कशीबशी परतली. मग शेजाऱ्यांच्या शिफारशीने, आवाजातून मृतांशी बोलणारे नादयोगी अवतरले.

मालकाची बहीण, म्हणजे त्या बायकोची भौतिकशास्त्र शिकवणारी नणंद, खांबाला टेकून उभी होती. तिचे लक्ष वहिनीच्या मुठीतल्या दुसऱ्या किल्लीवर होते. कार्यक्रम संपताच ती किल्ली, आणि अर्थातच गाडी, नादयोगींच्या आश्रमाला अर्पण व्हायची होती. वहिनी परिचारिका होती. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांकडे ती याच गाडीने जाई.

"डोळे मिटा!" नादयोगी गरजले. "सगळे मोठ्यानं हुंकार भरा! सूक्ष्म देहाला तोंड नसतं, तो तारांतून बोलतो. हे विज्ञानानंही मान्य केलंय!"

विज्ञानाला हे कळवायचे तेवढे राहून गेले होते.

चालकाच्या जागेवर, मांड्यांवर शाल पसरून, एक शिष्य बसला होता. इंजिनरूपी श्वास सांभाळणे हे त्याचे काम.

"जीवा, तू तळमळतोस का?"

हुंकार घुमला, सूर चढला. वहिनीला हुंदका फुटला.

"ही गाडी आश्रमात यावी, ही तुझी इच्छा आहे का?"

सूर छताला भिडला.

"मेल्यावरही काय दानत!" वरच्या मजल्यावरचे काका सद्गदित झाले. त्याच्या हयातीत पार्किंगच्या जागेवरून त्यांनी त्याच्याशी अबोला धरला होता.

नणंदेने डोळे मिटले नव्हते. सगळ्यांना मिटायला सांगितले की आपले उघडे ठेवावेत, हा तिच्या शास्त्राचा पहिला धडा. प्रत्येक उत्तराआधी शाल हलत होती. आत्म्याच्या आधी शाल!

ती पुढे झाली. "महाराज, सख्खी बहीण असताना दादाचा श्वास परक्यानं का सांभाळायचा? उठा हो, भाऊ. शाल राहू द्या, मलाही थंडी वाजते."

"बरोबर आहे, रक्ताचं नातं!" गर्दी म्हणाली. नाही म्हणायला नादयोगींना जागाच उरली नाही.

ती बसली. "जीवा, तुला मुक्ती हवी ना?" नादयोगींनी विचारले. सूर जागचा हलला नाही.

"रुसला! अश्रद्ध माणसाच्या सावलीनं..."

"थांबा, मी विचारते. दादा, हे योगीबुवा थापा मारतात का रे?"

सूर किंचाळला. हुंकार गळ्यातच विरले.

"गाडी वहिनीकडेच राहू दे ना?" सूर त्याहून वर. "आणि काकांनी तुझ्या जागेत स्कूटर लावली, ते माफ केलंस?"

सूर धाडकन खाली आला. काका खोकले.

"आता सगळे डोळे उघडा, आणि माझा पाय बघा." तिने शाल ओढली. तिचा पाय ॲक्सिलरेटरवर होता.

हशा उसळला. नादयोगी मात्र कच्चे नव्हते. "पाय दाबला म्हणून इंजिनाचा जोर वाढेल, बाई! गाणं बंद असताना सूर कुठून येतो?"

"प्रश्न चोख आहे. उत्तर डिकीत आहे."

इंजिन बंद करून तिने डिकीतला गालिचा उचलला. खाली ॲम्प्लिफायर होता. आजारी पडण्याच्या जरा आधी दादाने स्वतः बसवलेला. त्याच्या काळ्या तारेचे टोक गाडीच्या पत्र्याला स्क्रूने आवळलेले होते. पण खाली उघडा पत्रा नव्हता, निळा रंग होता. स्क्रूभोवती गंज चढला होता.

"वीज पत्र्यातून बॅटरीकडे परत जाते. इथे रंगानं आणि गंजानं वाट अडवली, म्हणून ती गाण्याच्या तारेतून वाट काढते, आणि वीज तयार करणाऱ्या आल्टरनेटरची कुरकुर स्पीकरमध्ये नेते. इंजिन जोरात, तर सूर वर. एवढंच याचं परलोकज्ञान. वहिनी, दादाच्या हत्यारांतला हा पॉलिश पेपर घे. खरवड."

वहिनीचा हात अडला. "वन्सं, रंग खरवडू? ह्यांना साधा ओरखडा चालत नव्हता हो!"

"म्हणूनच तर! गाडीला चरा नको म्हणून दादानं रंगावरच स्क्रू आवळला."

वहिनी रडता रडता हसली. "अगदी ह्यांचंच काम!"

स्क्रू काढून तिने खरवडले. पत्रा चकाकला. स्क्रू घट्ट बसला. मग तिने स्वतः इंजिन चालू करून पाय दाबला. इंजिन घुमले, स्पीकर गप्प. नादयोगी केव्हाच अंतर्धान पावले होते. हा एक चमत्कार मात्र अस्सल निघाला.

"म्हणजे ते इथे नव्हतेच?" वहिनीने हळूच विचारले.

"त्याची माया होती ना. त्या न खरवडलेल्या रंगात." नणंद गर्दीकडे वळली. "दुःख खरं असतं. म्हणूनच त्याच्यावर कुणाला दुकान थाटू देऊ नका. आवाज आला तर आधी तार तपासा, आणि कुणी डोळे मिटायला सांगितलं तर टक्क उघडे ठेवा."

वहिनीने मुठीतली किल्ली पर्समध्ये टाकली. दुसरी गाडीला होतीच. तिने काच खाली केली.

"काका, बाजूला व्हा. माझे पेशंट खोळंबलेत."