एकवीस सकाळींचे आकडे

कॉलेजात तिला सगळे टकळी म्हणायचे, कारण तिचं तोंड एकदा सुरू झालं की थांबायचं नाही. तिच्या मैत्रिणीला मोती म्हणायचे. मोती हे खरं तर कुत्र्याचं नाव, पण हिचं अक्षर मोत्यासारखं, म्हणून तेच चिकटलं. दोघी पर्यावरण अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होत्या. परदेशातल्या विद्यापीठात एक सेमिस्टर शिकायला कॉलेजातून या दोघींचीच निवड झाली. टकळीचे बाबा एका दवाखान्यात कंपाउंडर होते. येईल त्या पेशंटला औषधाच्या पुडीबरोबर ते ही बातमीही बांधून देत होते.

तिकडे दोघींना मिळून एक खोली मिळाली. दोन पलंग, मध्ये खिडकी, खिडकीखाली एकच टेबल. पहिला महिना नव्याची नवलाई होती. दुसऱ्या महिन्यात मोतीने अंथरूण धरलं. ताप नाही, खोकला नाही, नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची.

"ऊठ गं, दोन घास खाऊन घे."

"नको."

"दवाखान्यात जाऊ या का?"

"जाऊन काय सांगू? काय होतंय ते माझं मलाच कळत नाहीये."

नेमका त्याच दिवसांत एक प्रयोग होता. प्रत्येकाने आपापला करायचा होता. एकवीस दिवस रोज सकाळी नदीचं पाणी आणायचं आणि त्यात प्राणवायू किती विरघळलाय ते मोजायचं. टकळी सातला बाटल्या घेऊन नदीवर जायची. पाण्यात हात घातला की बोटं बधिर व्हायची, मग बाटलीचं बूच तिला दाताने काढावं लागायचं. प्रयोगशाळेचं दार एक म्हातारा मदतनीस उघडायचा. तो मान हलवायचा, ही मान हलवायची. काचेच्या नळीतून रसायन थेंब थेंब सोडत, पाण्याला आलेला निळा रंग उडाला की ती आकडा वहीत लिहायची.

एकविसाव्या दिवशी ती परत आली तेव्हा मोती उठून बसली होती. वेणी घातली होती. टकळीला इतकं बरं वाटलं की ती तशीच परत जिना उतरून दूध घेऊन आली.

"तुझी वही देतेस?" मोती म्हणाली. "कसं लिहायचं ते नुसतं बघते."

टकळीने वही दिली. आजारी माणसाची काय उलटतपासणी घ्यायची? शिवाय मोती टेबलाशी बसून काहीतरी लिहीत होती, हेच तिला पुष्कळ वाटलं. वही परत मिळाल्यावर तिने स्वतःचा अहवाल लिहायला घेतला. तिकडच्या भाषेत एकेक वाक्य जुळवताना तिच्या नाकी नऊ आले, आणि अहवाल द्यायला एक दिवस उशीर झाला.

आठवड्याने दोघींना विद्यापीठाच्या चौकशी समितीसमोर बोलावलं. मोती आधी आत गेली. दहा मिनिटांनी बाहेर आली आणि फरशीकडे बघत टकळीच्या बाजूने निघून गेली.

आत तिघं बसली होती. अध्यक्षबाई सावकाश, समजेल असं बोलत होत्या. दोन्ही अहवालांतले एकवीसच्या एकवीस आकडे सारखे आहेत. तुमचा अहवाल एक दिवस उशिरा आला आहे. तुमची मैत्रीण म्हणते, तिने कोणाचं काही बघितलेलं नाही.

घरी असताना टकळीने वक्तृत्वाच्या स्पर्धा मारल्या होत्या. भांडणात तर तिला कोणी हरवलंच नव्हतं. इथे तिच्या तोंडून निघालं ते एवढंच: "मी. रोज. नदीवर." मग तेही थांबलं. मराठीतलं वाक्य डोक्यात आख्खं तयार होतं, पण ओठापर्यंत येताना त्याचे तुकडे पडत होते. तिने वही पुढे केली. एकाने ती चाळली आणि म्हणाला, वही मागाहूनही लिहिता येते.

"तुम्हाला तिथे कोणी पाहिलंय?" बाईंनी विचारलं.

"एक माणूस. दार उघडतो."

त्यांनी मदतनिसाला बोलावलं. तो टोपी हातात घेऊन उभा राहिला. टकळीकडे आणि समोर ठेवलेल्या मोतीच्या फोटोकडे त्याने बराच वेळ पाहिलं. एक मुलगी रोज यायची हे खरं, तो म्हणाला, पण दोघींतली कोणती ते मी सांगू शकत नाही. मला दोघी सारख्याच दिसतात.

तो खोटं बोलत नव्हता. त्याला वाईट वाटतंय हेही दिसत होतं.

चार दिवसांनी पत्र आलं. नक्कल टकळीनेच केली असं धरून तिचा तो विषय रद्द झाला होता, आणि त्याबरोबर आख्खं सेमिस्टर. मोतीवर काही ठपका नव्हता.

"मी खरंच सांगणार होते," मोती म्हणाली. ती पलंगाच्या कडेला बसली होती. "त्यांनी विचारलं आणि तोंडातून भलतंच गेलं."

"मग आता जाऊन सांग."

"आता सांगितलं तर खोटं बोलले हेही कळेल. मला परत पाठवतील. आणि परत गेले तर मी पुन्हा अंथरुणातून उठेन असं मला वाटत नाही गं."

इथे भाषेची अडचण नव्हती. शिव्या, शाप, टोमणे, सगळं टकळीच्या जिभेवर असायला हवं होतं. मोतीची मनगटं काडीसारखी झाली होती. शेवटी टकळी उठली आणि तिने खिडकी लावून घेतली. दुसऱ्या आठवड्यात मोतीने दुसरी खोली मागून घेतली.

बाबांना तिने दवाखान्यात फोन केला, दुपारी गर्दी ओसरल्यावर. पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळं सांगितलं, काही म्हणजे काही लपवलं नाही.

"आधी कोणी लिहिले होते आकडे?" बाबांनी मग विचारलं.

"मी, बाबा."

"नाही, मी आपलं विचारतोय. तिथे थंडी फार. तूही दमली असशील. एखाद्या दिवशी वाटलं असेल, की तिचे बघून..."

"बाबा, सगळे मीच लिहिलेत."

"बरं," ते म्हणाले. "आईला मी सांगतो हळूहळू. तू कोणाला काही बोलू नकोस."

उरलेले सहा आठवडे ती वर्गात जाऊन बसली. बाकीच्या विषयांच्या परीक्षा दिल्या, पासही झाली. त्याचा काही उपयोग नव्हता, पण खोलीत बसून तरी काय करणार होती? बाबा दर रविवारी फोन करायचे. जेवलीस का, थंडी कशी आहे, एवढंच. अभ्यासाचं त्यांनी परत कधी काढलं नाही.

ती परत आली तेव्हा बाबा एकटेच न्यायला आले. बॅग हातातून घेत म्हणाले, "वाळलीस." वाटेत त्यांनी सांगितलं, की लोकांना मी असं सांगितलंय, तिकडची हवा तुला मानवली नाही, आजारी पडलीस, म्हणून वर्ष गेलं. तूही तेच सांग.

संध्याकाळी शेजारच्या काकू आल्या. तिच्या तोंडावरून हात फिरवून म्हणाल्या, "किती गं हाल झाले तुझे. आता बरं वाटतंय ना?"

बाबा तिथेच पेपर वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"हो काकू," ती म्हणाली. "आता बरी आहे."