टिटवीची वही

धुळ्यातल्या कॉलनीच्या बागेत टिटवीनं चार अंडी घातली होती. कोपऱ्यात, उघड्या खडीवर. माळी सुपडू घमेलं घेऊन उभा होता. लिलाबाईनं मान हलवली की तो ती उचलून फेकणार होता.

"मना घरमा आजारी मानूस शे, भाऊ," लिलाबाई शेजारच्या चुडामणला म्हणाली. तिचा नवरा आधार महिनाभर खाटेवर होता. "अन् ही रोज वरडस. टिटवी वरडनी का कोनीतरी जास."

"थांबा अक्का. मंदाची वही आणतो."

मंदा त्याची बायको. रोज सकाळी बागेत फिरायची आणि ऐकलं-पाहिलं ते लिहायची. कोकीळ कधी सुरू झाला, धोबी पक्षी थंडीत कधी आले, भोरड्यांचे थवे कधी गेले. टिटवीसाठी मात्र तिनं लिलाबाईशी भांडून दोन रकाने आखले होते. एकात टिटवी कुठे ओरडली ते. दुसऱ्यात त्या दिवशी कॉलनीत कोण गेलं ते. सहा वर्षं दुसऱ्या रकान्यात एकच उत्तर होतं: कोणी नाही. कोपऱ्यावरचे नाना वारले तेव्हा तिनं मुद्दाम लिहिलं होतं, 'आज टिटवी ओरडली नाही.'

"मी खोटी ठरले ना अक्का, तर वही तुमच्या चुलीत घाला," असं ती हसत म्हणायची.

ती गेल्यापासून चुडामणनं वही उघडली नव्हती. घरात येऊन आज उघडली. शेवटची ओळ गेल्या वर्षीची, रामनवमीच्या दुसऱ्या दिवसाची. 'टिटवी. आपल्या गच्चीवर. सकाळी सात.' पुढचा रकाना रिकामा. तो ती संध्याकाळी भरायची. त्या दिवशी दुपारीच मंदा स्वयंपाकघरात कोसळली होती.

ही ओळ लिलाबाईनं वाचली तर सहा वर्षं वाया. पान फाडलं तर मंदाचं अक्षर जाणार. त्यानं पेन काढलं. हात थांबला, मग चालला. रिकाम्या रकान्यात त्यानं लिहिलं: कोणी नाही.

बागेत लिलाबाई पानांवरून बोट फिरवत वाचत गेली.

"मंदाकाकूनं तर टिटवीना पंचनामाच करेल शे!" सुपडू हसला.

बोट शेवटच्या ओळीवर थांबलं. ती तारीख लिलाबाईला कोणी सांगायला नको होती. मंदाला शेवटची आंघोळ तिनंच घातली होती.

"कोनी नही, भाऊ?"

चुडामणनं पेन खिशात खाली ढकललं.

तिनं वही मिटली, पदरानं पुसली आणि त्याच्या हातात दिली. "सुपडू, ऱ्हाऊ दे अंडा." मग चुडामणला म्हणाली, "पन आते तुम्ही लिखा. खरं लिखा."

तेवढ्यात टिटवी उठली. बागेवर एक फेरी मारून ती सरळ लिलाबाईच्या घरावर गेली आणि ओरडत राहिली. सकाळपासून त्या घराच्या खिडकीतून आधारचा खोकला ऐकू येत होता. तो थांबला होता. लिलाबाई घराकडे निघाली. आधी चालत, मग धावत.

चुडामण बाकावर बसला. शेवटच्या ओळीतलं 'कोणी नाही' त्यानं खोडलं आणि वर 'मंदा' लिहिलं. मग त्याखाली नवी ओळ. 'टिटवी. आधारच्या घरावर. सकाळी आठ.'

पुढचा रकाना त्यानं आखून रिकामा ठेवला. पेनाला टोपण लावलं नाही. संध्याकाळ व्हायला अजून बराच वेळ होता.