क्रेनवरून उतरताना

स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली त्या दिवशी पोलाद कारखान्यातल्या मेल्टिंग शॉपच्या कॅन्टीनमध्ये कोणी धड जेवलं नाही. पोळीचा तुकडा हातात धरून जो तो एकच विचार करत होता. आता नोकरी सोडली तर हातात काय पडेल, कंपनीचं क्वार्टर कधी रिकामं करावं लागेल, म्हातारपणापर्यंत पुरेल की नाही. बळीराम मेश्राम मात्र मुकाट्याने जेवला, डबा धुतला आणि बाकड्यावर बसून राहिला. त्याच्या मनात जे चाललं होतं ते कोणाला सांगण्यासारखं नव्हतं.

त्याला वर चक्कर येत होती.

वर म्हणजे क्रेनच्या केबिनमध्ये. वितळलेल्या पोलादाने भरलेली अजस्र बादली, जिला तिथे सगळे लॅडल म्हणत, ती उचलून शेडच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे न्यायची, हे त्याचं काम. लाखांदूरकडचं गाव सोडून भिलाईला आल्यापासून त्याने दुसरं काही केलं नव्हतं. भरलेला माठ बाईने कमरेवरून उतरवावा तशी तो लॅडल उतरवायचा, असं इतर ऑपरेटरही म्हणत. आणि त्याच माणसाला पोळ्याच्या सुमारास पहिल्यांदा वाटलं, की केबिन आपल्याभोवती फिरते आहे. क्षणभरच. उपाशी असेन, असं म्हणून त्याने विषय सोडून दिला. मग ते पुन्हा झालं. दसऱ्यानंतर तर आठवड्याला एकदा तरी व्हायला लागलं.

सांगितलं तर मेडिकलला पाठवतील, अनफिटचा शिक्का बसेल, खाली कुठेतरी बसवतील. इन्सेंटिव्ह जाईल. आणि लोक हसतील ते वेगळंच. म्हणून नोटीस पाहिली तेव्हा त्याला वाटलं, देवळाचा नाही, बुद्धविहाराचा नाही, पण सुटकेचा दरवाजा हाच. फॉर्म भरायचा आणि इज्जतीने खाली उतरायचं. कोणाला काही कळायची गरज नाही.

शुक्रवारी दुपारच्या पाळीत भरलेली लॅडल हुकाला होती आणि शेड फिरली. समोरचे खांब आडवे झाले. बळीरामने कंट्रोलर सोडून दिला आणि दोन्ही हातांनी खुर्ची घट्ट धरली. क्रेन थांबली, लॅडल मात्र झोके घेत राहिली. खाली इशारे देणारा बबलू शिटीवर शिटी वाजवत मागे सरत होता. अहिवारा गावचा हा पोरगेला कंत्राटी मजूर, नुकताच बाप झालेला. लॅडलच्या काठावरून चार थेंब सांडले आणि जमिनीवर ठिणग्या उडाल्या. बबलू तिथून हातभर अंतरावर होता.

"का होगे कका?" काय झालं, त्याने रेडिओवर विचारलं.

"लिमिट स्विच," बळीराम म्हणाला. "लिमिट स्विच ट्रिप झाला असेल."

मेंटेनन्सवाल्यांनी क्रेन आणि तिला आपोआप थांबवणारा तो स्विच तपासला. दोष कसा सापडणार? क्रेन ओके, असं लिहून ते निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी घरी त्याची बायको चंपा मशीनवर ब्लाउज शिवत होती. बळीराम चहा घेऊन तिच्याजवळ बसला.

"फॉर्म भरून टाकतो म्हंतो मी," तो म्हणाला.

मशीन थांबली. "कावून? सहा वर्षं राह्यले. सहा वर्षं कायचे जड होऊन राह्यले तुमाले?"

"थकलो."

"थकले त सुट्टी घ्या. आयका, आपल्या संघमित्राची नर्सिंग अजून दोन वर्षं हाय. जामुलले बांधाले काढलेलं घर लेंटरवर येऊन थांबलं. क्वार्टर खाली केल्यावर बिनछताच्या घरात राहाचं काय? त्या अमरदीपले पाहा जरा."

अमरदीपचं नाव निघालं की घरात बोलणं थांबायचं. मागच्या खेपेला बळीरामच्या या सोबत्याने असाच फॉर्म भरून नोकरी सोडली, सगळ्यांना मिठाई वाटली, मुलाला बोलेरो घेऊन दिली. गाडी भाड्याविना उभी राहिली, उरलेले पैसे पोरीच्या लग्नात गेले, आणि आता तो भिलाईतल्याच कॅम्प-१ वस्तीत एका गोदामावर चौकीदारी करत होता. भेटला की अजूनही हसायचा, पण नजर बाजूला करून.

"माहं वेगळं हाय," बळीराम म्हणाला.

"काय वेगळं हाय? सांगा त खरं."

त्याने कप खाली ठेवला. मग म्हणाला, "चंपा, मले वर चक्कर येते. काल भरली लॅडल हुकाले असताना आली."

चंपाने हातातलं कापड खाली ठेवलं. "खाली कोन होतं?"

"बबलू."

"लागलं काय त्याले?"

"नाही. थोडक्यात वाचला."

"अन् फॉर्म भरला त उद्यापासून सुटसान तुमी?"

"नाही. मंजुरीले दोन-तीन महिने लागतेत."

"तवापर्यंत?"

बळीरामने खिशातून स्कूटरची किल्ली काढली.

"तवापर्यंत वर चढसान, अन् कोनाले सांगसान नाही. असंच ना?" तिचा आवाज चढला. "पैशाचं पाहून घेऊ आपन. कमी खाऊ. पन त्या पोराच्या बायकोपुढं मी कोन्तं तोंड घेऊन जाऊ?"

"तुले काय समजते तिथलं!" बळीराम उठला. "सव्वीस वर्षांत एक डाग नाही माह्यावर! आता अनफिट म्हनून कोपऱ्यात बसवतीन. ते चालते तुले?"

"चालते," चंपा म्हणाली. "मले चालते."

त्याने स्कूटर काढली आणि डबा न घेताच निघून गेला.

त्या दुपारी तो जिना चढला तेव्हा डोकं स्वच्छ होतं. खरं तर तेच वाईट होतं. चक्कर असती तर निर्णय आपोआप झाला असता. केबिनमध्ये बसून त्याने खाली पाहिलं. बबलूने हेल्मेटचा पट्टा ओढला, वर बघून अंगठा दाखवला. कालच्या जागेवर काळा डाग होता आणि पोरगा नेमका त्याच्या शेजारी उभा होता. बबलूला वाटत होतं, क्रेन दुरुस्त झाली आहे.

हुक लॅडलला लागला. शिटी झाली. बळीरामचा हात कंट्रोलरवर होता, पण तो हलेना.

पुन्हा शिटी. मग रेडिओवर शिफ्ट इन्चार्जसाहेब. "बळीराम, उठाओ. माल ठंडा हो रहा है."

घामाने त्याचा सदरा पाठीला चिकटला. आज काही होणार नाही, असं एक मन सांगत होतं. उद्याही नाही. तीन महिने तर काढायचेत. खाली लोक जमायला लागले. कोणीतरी हात हलवून ओरडत होतं.

"बळीराम! क्रेन में कुछ है क्या?"

त्याने हात काढून मांडीवर ठेवला.

"क्रेन ठीक है साहब," तो म्हणाला. "मैं ठीक नहीं हूँ. दूसरा ऑपरेटर भेजिए. और कल भी क्रेन ठीक थी."

तो जिना उतरून खाली आला. साहेब तापले. एवढे दिवस लपवलं म्हणून चार माणसांत बोलले, आणि बळीरामने मान खाली घालून ऐकून घेतलं. मग त्यांनीच जीप देऊन त्याला दवाखान्यात पाठवलं. कानाच्या आतला, तोल सांभाळणारा भाग बिघडला होता. गोळ्यांनी आराम पडेल, पण उंचीवरचं काम कायमचं बंद, असं डॉक्टर म्हणाले. त्याला टूल रूममध्ये बसवलं. इन्सेंटिव्ह गेला.

सगळ्यात कठीण गेलं ते बबलूचं. तो आठ-दहा दिवस बोललाच नाही. मग एकदा पाना घ्यायला टूल रूमच्या खिडकीशी आला.

"ओ दिन बताये काबर नहीं, कका?" त्याने विचारलं. त्या दिवशी का नाही सांगितलंत?

बळीरामने पाना खिडकीतून पुढे केला. "डर गया था," एवढंच तो म्हणाला. बबलूने पाना घेतला आणि निघून गेला.

फॉर्मची शेवटची तारीख जवळ आली तेव्हा नवरा-बायको पुन्हा बसले. आता लपवायचं काही उरलं नव्हतं, म्हणून बोलणं सोपं झालं होतं. आज सोडलं तर पैसा घराच्या छतात आणि पोरीच्या फीमध्ये जाईल, मागे काही राहणार नाही, हे दोघांनाही स्पष्ट दिसलं. टूल रूममध्ये बसवत नाही, असं बळीराम म्हणाला. तिथे तो गिऱ्हाइकाची वाट पाहणाऱ्या दुकानदारासारखा बसतो, आणि जुने ऑपरेटर खिडकीतून मुद्दाम विचारतात, "का मेश्राम, जमीन फिरत नाही ना?"

"दोन वर्षं आयकून घ्या," चंपा म्हणाली. "मी शाळेच्या युनिफॉर्मचं काम धरते. पोरगी शिकून उठली, छत पडलं, की मीच म्हनीन सोडा."

त्यांनी फॉर्म भरला नाही.

दोन वर्षं त्याने ऐकून घेतलं. काही दिवस फार जड गेले. एकदा तर तो राजीनामा लिहायला बसला होता, पण चंपाने पेन काढून घेतलं. संघमित्रा रायपूरला एका दवाखान्यात लागली. त्याच उन्हाळ्यात जामुलच्या घरावर स्लॅब पडला, आणि पुढे पावसाळा सरता सरता पुन्हा स्वेच्छानिवृत्तीची नोटीस लागली. त्या संध्याकाळी बळीराम घरी आला, तर चंपाने मशीन झाकून ठेवली होती.

"कळलं मले," ती म्हणाली. "भरा आता."

"नक्की? पुरन ना?"

"पुरते का नाही, ते राहून पाहू," चंपा म्हणाली. "पन यावेळी पळून नाही जाऊन राह्यले तुमी."

बळीरामने बूट काढले आणि तो पंख्याखाली भिंतीला टेकून बसला. चंपा भाकरी थापायला आत गेली, आणि कितीतरी दिवसांनी त्याला बसल्याजागी झोप लागली.